हात वर न केलेली माणसं

(पिंपरी, १९५६. रविवारची दुपार. सोजराबाईंच्या ओसरीवर ख्रिस्ती मंडळीचे चिटणीस भिमाजी मास्तर.)

भिमाजी : सकाळी देवळात प्रभुभोजनाचा प्याला तुमच्यापाशी आला आणि ओठही न लावता पुढं दिलात, सोजराबाई. सगळ्यांनी पाहिलं.

सोजराबाई : पाहू द्या. आज पाळकसायबांनी काय वाचलं, मास्तर? प्रभूनं सात मंडळ्यांना पत्रं धाडली. एकीला सांगितलं, तुजं प्रेम आटलं, तुजी समई उचलून नेईन. आख्ख्या मंडळीची. एकेकाची न्हाई.

भिमाजी : पुढचंही ऐकलंत ना? एका मंडळीत थोडी माणसं होती, ज्यांनी आपली वस्त्रं मळू दिली नाहीत. त्यांना त्यानं वेगळं काढलं. तारण ज्याचं त्याचं असतं, बाई. आणि तुम्ही त्या थोड्यांतल्या. तुमच्या मार्थानं हिंदू मुलाशी लग्न केलं म्हणून तिला मंडळीबाहेर काढायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांचे हात वर गेले. तुमचा नव्हता. मीच मोजले.

सोजराबाई : व्हय, नव्हता. माजे दोनी हात मांडीवर व्हते. तोंड बी बंद व्हतं. आई असून, मास्तर!

भिमाजी : एकट्या काय करणार होता तुम्ही?

सोजराबाई : मोठ्यानं रडले तरी असते. बाहेर काढलेल्याशी बोलायचं न्हाई, जेवायचं न्हाई, हे तुमीच सांगितलं. दोन वर्सं मी पाळलं. लई चोख पाळलं. आज सकाळी मार्था चाकनहून यष्टीनं आली व्हती. देवळाच्या कुंपनाबाहेर उभी. कडेवर पोर. तिनं त्याचं तोंड माज्याकडं वळवलं.

भिमाजी : मग?

सोजराबाई : मी पदर वढला न् आत गेले, देवाचं गानं म्हनायला. अन् मंग तो प्याला आला. कसा लावू तोंडाला?

भिमाजी : तुम्ही नियम पाळलात. त्याचा दोष तुमच्यावर येत नाही.

सोजराबाई : मंग कुनावर येतो? मंडळीवर म्हनावं, तर मंडळी म्हंजी मीच की. अन् मला एकटीलाच तारून न्यायचं असंल, तर त्या सोर्गात मी कुनाची वेनी घालू? मला माजी लेक पायजे. जीव तुटतो तिच्यासाठी. तुमचा हात वर गेला व्हता का वो, मास्तर?

भिमाजी : माझा? मी मोजत होतो.

सोजराबाई : म्हंजी तुमचाबी न्हाई.

भिमाजी : चिटणीस मोजतो, हात वर करत नाही. तशी रीत आहे. माझ्याच शाळेत होती ती. बाराखडी मीच गिरवून घेतली तिच्याकडून. त्या दिवशी मोजताना वाटलं, बरं झालं, आपल्याला काही ठरवायचं नाही. अजून तेच मनाला सांगत झोपतो.

सोजराबाई : लागती झोप?

भिमाजी : नाही. येत्या रविवारी मी सभेत विषय काढतो. तिला परत घ्यायचं म्हणून हात मागतो. पहिला माझा.

सोजराबाई : दुसरा माजा. बाकी कुनीच न्हाई केला तर?

भिमाजी : तर वहीत दोन लिहीन.

सोजराबाई : रविवार लई लांब हाय. चाकनला साडेतीनची यष्टी हाय. येता?

भिमाजी : आज? चला, येतो. बाळाचं नाव काय ठेवलंय तिनं?

सोजराबाई : तेच इचारायला निगाले, मास्तर.