तबकडीले ऊन दाखवलं

हॅलो? … हॅलो, अकोला? … चंद्रभानभाऊ हायेत का जी? … चंद्रभान, आवक-जावकवाले. … हो, हो, थांबतो. …

हॅलो! भाऊ, मी श्रावण. अमरावतीहून. … जवाई, जवाई! तुमचा जवाई! … नाई नाई, कोनी गेलं नाई. सारे खुशाल हायेत. … अवो खरंच! ट्रंककॉल लावला म्हनून काय मानूस मेलंच पायजे?

मैना कशी हाये? … अन् पोरगी? … हो का? माह्यावानी दिसते? … अरेरे. … जाऊ द्या, मोठी झाल्यावर सुधरन.

आता ऐका भाऊ. काम जरा नाजूक हाये. जवळ कोनी बसलं हाये का? … साहेब? … ऐकू कमी येते त्याइले? मंग ठीक हाये.

मैनेचं पत्र आलं. ऐतवारी बारशाले येतानी बाबाची तबकडी आना म्हने. … हो, तीच, पाळन्याच्या गान्याची. तुमच्या बाबानं लग्नात ग्रामोफोनच्या बाजासंगं देल्ली ती. त्रिशरण झालं का पोरीले पाळन्यात घालाचं अन् तबकडी लावाची, असं लिवलं तिनं. … हो, आनतो ना. … आनतो म्हंजे… अवो तेच तं सांगून राहिलो!

आधी लावून पाह्यली. मधातच अटकते. … 'नीज बाळा, नीज बाळा, नीज बाळा'… सुई फुढं सरकतच नाई. … तुमाले मालूम हाये? मंग मले कोनी काहून नाई सांगतलं? … मी म्हनलं, पयल्या पोरीचं बारसं, अन् ओरखडा पडलेली तबकडी वाजवाची? म्हनून दुरुस्त केली. … मी. … सोताच्या हातानं. … हसू नका भाऊ, हसाची जागा अजून आलीच नाई.

शेजारचे किसनराव म्हने, जवसाचं तेल चोळा, ओरखडा भरून निंगते. चोळलं. … मंग म्हने, तेल मुराले जरासं ऊन दाखवा. … आता आपल्या इकडं काय, गादीले ऊन, लोनच्याले ऊन, लेकराच्या सर्दीलेही ऊनच! मले काई वावगं वाटलं नाई. … हो ना, मे महिना. … वरतं, घराच्या धाब्यावर. पार्बताबाईच्या कुरडयाइच्या बाजूले, धोतरावर. … किती वेळ? … जेवलो, जरासा डोळा लागला… चार वाजले.

काय व्हईन! वाटी झाली. … वाटी वो, वाटी! चांगली खोलगट. … पार्बताबाई कुरडया उचलाले आली, तं म्हने, मास्तर, हे भांडं कोनाचं?

हसा, हसा. चौथीच्या पोराइले मी सोता शिकवतो, लाख तापली का मऊ होते. अन् तबकडी लाखेचीच! 'समजलं का रे?' असं इचारतो, अन् ज्याले नाई समजलं त्याले उभं करतो. आता मले कोन उभं करन?

… नाई, थांबा, अजून हाये. सरळ कराले पाट्याखाली ठेवली. … मसाला वाटाचा पाटा, हो. … सकाळी 'कट' असा आवाज आला. … दोन. दोन तुकडे.

भाऊ… मैना मले काई म्हननार नाई, ठाऊक हाये मले. भांडली तं बरं. ती निस्ती पाह्यन. … गेलेल्या बापाची एकच वस्तू होती तिच्यापाशी, भाऊ, अन् मी ती कुरडयाइसंगं वाळू घातली.

म्हनून हात जोडतो. तुमच्या तिकडं तबकड्याइचं दुकान हाये ना, तिथं जरा… काय? … हाये? तुमी पाह्यली? … तेच गानं? तीच बाई गाते? … नवी कोरी? एकही ओरखडा नाई? … अवो मंग जिंकलं! घेऊन ठेवा. मैनेले काई बोलू नका, मी आजच निंगतो अन्…

काय? … नाई चालनार? काहून नाई चालनार? … कोरी हाये म्हनून? … उलटं बोलून राहिले भाऊ तुमी!

बरं. सांगा. …

हो. … मैना लहान. … बाबाच्या मांडीवर. … जुन्या बाजारातून आनली तईपासूनच अटके? … मंग सुई काहून नाई उचलत बाबा? … मुद्दाम?

… तिकडं बाई अटकून राहे, अन् त्या जागी बाबा सोता म्हनत. … पोरगी झोपेपावतर. … झोपली का मंग करंगळीनं सुई फुढं. …

… हाये, हाये मी. लाइन गेली नाई.

म्हंजे तिले गानं नवतंच पायजे. ते अटकनंच पायजे होतं. अन् मी नेमकं तेच तेल लावून बुजवाले बसलो. वा रे मास्तर!

… नाई भाऊ, नवी नका घेऊ. तुकडे आनतो, फडक्यात बांधून. तिच्या हातात देतो अन् सांगतो, मी केलं. … नाई, तुमी नका सांगू. मीच सांगन.

भाऊ… बाबा काय म्हनत? … त्या जागी, बाई अटकली का. बरोबर शब्द सांगा. … हळू. … 'नीज वं माय'… हं… 'तुहा बाप जागा हाय.' … येवढंच?

… मी? पाळन्यापाशी? साऱ्या बायाइच्या मधात? … अवो, मी प्रार्थना म्हनतो तं शाळेतली पोरं तोंडात सदरा कोंबतात! … हो. … हो, खरं हाये. आता बाप तं मीच हाये.

थांबा, म्हनून पाहातो. 'नीज वं माय, तुहा बाप…' … रडून राहिलो, दुसरं काय! … पोस्टातले लोकं काचेतून पाहून राहिले. पाहू द्या.

ऐका, पुन्हा म्हनतो. 'नीज वं माय, तुहा बाप जागा हाय.' … जमलं? … भाऊ? … हॅलो? … हॅलो, अकोला? …

गेली लाइन. … जाऊ द्या. आलं मले.