डाव्या अंगठ्याचं बटण

हॅलो?… हां अंबिके, बोल. हळू बोलते हं, लॅबमध्येच आहे, मालक दिवाकरजी समोर बसलेत… हो, मनगट पुष्कळ बरंय! माउसला हातच लावत नाही. तू सांगितलंस तसं डाव्या अंगठ्याशी बटण लावून घेतलं. दाबलं की या रिपोर्टवरून थेट त्या रिपोर्टवर!

कुठलं म्हणजे?… स्पेसच्या डावीकडचं, ऑल्ट… का गं?… भाषा? भाषा बदलायलाही तेच. पेशंटचं नाव हिंदीत, आकडे इंग्रजीत, झाशीत असंच चालतं बाई… हो, नाव लिहिलं की ऑल्ट-शिफ्ट, मग आकडे…

काय म्हणालीस?… भाषेबरोबर रिपोर्टही बदलत असेल?

थांब. थांब जरा… अगं बोलू नकोस, बघू दे… नाव इंदिरा… शुगर चारशे बारा. अंबिके, चारशे बारा त्या गरौठा गावच्या सरलाबाईंची आहे गं! इंदिराजींची ब्याण्णव… हो, उलटंपालटं झालंय. दोन्ही रिपोर्ट नर्सिंग होमला गेलेसुद्धा…

काय होईल काय? चारशे बारा बघून इन्सुलिन देतील ना त्या म्हातारीला! शुगर नीट असताना!…

नाही… नाही, गुपचूप दुसरा रिपोर्ट पाठवून काय उपयोग? कोण बघणार तो?… माहितीये गं, नोकरी जाईल. दिवाकरजी ऐकताहेत, ऐकू देत… तू फोन ठेवू नकोस. नुसती राहा तिथे. मला फार भीती वाटतेय. लँडलाइनवरून नर्सिंग होमला लावते…

उचल… उचल ना गं बाई…

हॅलो! सिस्टर जी? लॅब से भानुमती. मानिक चौक वाली… इंदिरा जी को सुई मत लगाइएगा!… नहीं, मत लगाइए, रिपोर्ट बदल गई है!… क्या? भर ली है?… लगाई तो नहीं?… सच बताइए, लगाई तो नहीं?… रख दीजिए. नीचे रख दीजिए, सिस्टर जी… चार सौ बारह सरला जी की है, गरौठा वाली की. उनको देखिए, जल्दी… दोनों की शुगर फिर से जाँच लीजिए…

जी?… नहीं, मशीन की नहीं. गलती मेरी है. लिख लीजिए… भानुमती. हाँ, पूरा नाम भी लिखवाती हूँ…

अंबिके?… आहेस ना?… सुई नाही टोचली गं. हातात होती तिच्या… रडत नाहीये… हो, दिवाकरजी उठलेत. इकडेच येताहेत.

ठेवते.