आठ नंबरची घोडी शेवटची येणार, असे आम्ही चौघांनी म्हटल्याबाबत

जबाब देणारीचे नाव: ओळखपत्रावरून वेगळे उतरवून घेतले आहे. गल्लीत सगळे मावशी म्हणतात.
वय: अठ्ठावन्न.
धंदा: शाळेचे गणवेश शिवणे.
राहणार: शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरचा मजला, मागचा जिना.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी बावीस वर्षे राहते आणि पुढच्या खोलीत शिवणकाम करते. मला कोणी बोलावलेले नाही. मशीनवाले भाऊ यांना आज सकाळी चौकशीसाठी आणले असे कळल्यावर मी हातातली विजार अर्धवट टाकून आपल्या पायाने आले आहे. हवालदारांनी आधी "सदर इसम" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. भाऊ इसम नाहीत, माझे शेजारी आहेत.

माझ्या घराखाली भाऊंचे दुकान आहे. दुरुस्तीला आलेली मशिने, एक लांब टेबल, एक स्टूल, दोन खुर्च्या आणि कपाटावर टीव्ही, एवढे तिथले सामान. दुपारचे काम उरकले की आम्ही चौघे तिथे चहाला जमतो: भाऊ, मी, बसमधून निवृत्त झालेले कंडक्टर आणि इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर. कंडक्टरांना नोकरी सोडून बरीच वर्षे झाली, तरी दुकानाच्या दारात कोणी रेंगाळले की ते "पुढे सरका" म्हणतात. सिस्टर कमी बोलतात, पण बोलल्या की टोचून बोलतात. भाऊंचे दुकान आणि शेजारचे झेरॉक्सचे दुकान यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची फळी आहे. पलीकडे कोणी शिंकले तरी इकडे ऐकू येते. आमचे बोलणे झेरॉक्सवाल्यांच्या कानावर गेले यात त्यांचा दोष नाही. त्यांनी त्याचा जो अर्थ लावला, त्याविषयी मी सांगायला आले आहे.

भाऊंना एकच मुलगी. ती जॉकी आहे. शाळेत असताना ती एकदा भाऊंबरोबर तबेल्यात गेली होती. तिथे खोगिरे शिवायचे जड मशीन बंद पडले होते. भाऊंनी ते चालू केले आणि निघताना हाक मारली, तर पोरगी एका घोड्याच्या पोटाखाली बसून त्याचे पाय पुसत होती. त्या दिवसापासून ती तिकडचीच झाली. गेली चार वर्षे ती लहान शर्यतींत पळते. एकदा पडून तिचा खांदा मोडला, तेव्हा भाऊंनी दुकानातले एकच मशीन दिवसभरात तीनदा खोलले आणि तीनदा जोडले. त्या मशीनमध्ये बिघाड नव्हता. ते रेसकोर्सवर कधीही गेलेले नाहीत. टीव्हीवर तिची शर्यत लागली तर आवाज बंद करून बघतात आणि आम्हालाही बोलू देत नाहीत. आजची मोठी शर्यत तिची पहिलीच. आठ नंबरच्या घोडीचा नेहमीचा जॉकी आजारी पडला म्हणून ती हिच्या वाट्याला आली. घोडीचे कागदावरचे नाव लांबलचक आहे, ते मला येत नाही आणि हवालदारांनाही लिहिता आले नाही. पोरगी तिला पेंगुळी म्हणते, कारण शर्यतीआधी ती उभ्या उभ्या डोळे मिटते.

काल दुपारी आम्ही चौघांनी "आठ नंबरची घोडी शेवटची येणार" असे म्हटले, हे खरे आहे. मोठ्याने म्हटले, हेही खरे आहे. झेरॉक्सवाल्यांनी त्यावरून असे धरले की शर्यतीचा निकाल आधीच ठरला आहे, मुलगी घोडी मुद्दाम मागे ठेवणार आहे आणि बापाच्या दुकानात सट्टा चालतो. त्यांनी तशी तक्रार दिली. ती रेसकोर्सवर कळवण्यात आली आणि आज सकाळी पोरीला पळायची मनाई झाली. शर्यतीआधी जॉकींचे वजन करतात, ते दीड वाजता होते. तोपर्यंत इथून निरोप गेला नाही तर घोडीवर दुसऱ्याला बसवतील, असे मला इथे आल्यावर कळले. अशी संधी भाऊंच्या पोरीला पुन्हा कोण देणार? म्हणून माझा जबाब आधी घ्या, असे मी म्हटले आणि मॅडमनी ते मान्य केले. मॅडम म्हणजे येथील अधिकारी.

आता त्या खेळाविषयी. पूर्वी आम्ही मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी पहिला कोण येणार ते सांगायचो. कंडक्टर दर वर्षी छातीठोकपणे सांगायचे आणि दर वर्षी तोंडघशी पडायचे. एकदा मी त्यांना त्यावरून फारच चिडवले, तर ते रुसून पंधरा दिवस चहाला आले नाहीत. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "पहिला सांगणारे शहाणे जागोजागी बसलेत. आपण शेवटचा सांगू या. भांडण नको, आणि शेवटच्यावर पैसे लावायला कोणी वेडा येणार नाही." त्या वर्षापासून आम्ही शेवटचा सांगतो. उठून उभे राहायचे, टेबलावर हात ठेवायचा आणि त्या घोड्याला पोटभर नावे ठेवायची, एवढाच नियम. पैसे नाहीत, पैज नाही. ज्याचे चुकेल त्याने कपबश्या विसळायच्या. सगळ्यांचेच चुकते, त्यामुळे दर वर्षी मोरीपाशी आमची गर्दी होते.

सगळ्यांचेच चुकते, हे हवालदारांनी नीट लिहावे. आम्ही शेवटचा ठरवलेला एकही घोडा आजवर शेवटचा आलेला नाही. कंडक्टरांनी एका वर्षी बरगड्या मोजता येतील अशा घोड्याचे नाव घेतले, तो तिसरा आला. सिस्टरनी ज्याला म्हातारा म्हटले, तो चक्क जिंकला. तेव्हापासून आमचे असे होऊन बसले आहे की, ज्याचे भले व्हावे त्याला आम्ही नावे ठेवतो. चांगले बोलले की नाट लागते. कंडक्टरांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते त्या दिवशी आम्ही तिघांनी त्यांना "आता बसा खांबांना धडकत" असे सांगून आत पाठवले. आता ते मला सुईत दोरा ओवून देतात. हे शहाणपणाचे आहे असे माझे म्हणणे नाही. या वयात आम्ही बदलू असे वाटत नाही.

काल काय झाले ते असे. कंडक्टर आधी उठले आणि म्हणाले, "आठ नंबर म्हणजे शेवटची गाडी. ती येईल तेव्हा डेपोला कुलूप लागलेलं असेल." सिस्टर म्हणाल्या, "तिला सलाईन लावूनच मैदानात आणा. आठ नंबर शेवटची." मी म्हटले, "कच्चा टाका घालून जमिनीला शिवल्यासारखी उभी असते ती. हलली तर माझं नाव बदला. आठ नंबर." मग भाऊंची पाळी आली. ते उभे राहिले, टेबलावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने तिथली रिकामी बॉबिन फिरवत राहिले. कंडक्टर म्हणाले, "बोला भाऊ, मागची गाडी खोळंबलीय." तेव्हा भाऊ म्हणाले, "माझी पोर शेवटची येणार. मी तिचा बाप आहे, मला नाही कळणार तर कोणाला?" यावर आम्ही सगळे हसलो आणि टाळ्या वाजवल्या. तक्रारीत लिहिलेले वाक्य ते हेच. वाक्य बरोबर आहे. ते म्हणताना भाऊंनी डोळे मिटून घेतले होते, ते फळीपलीकडून दिसले नसणार.

मॅडमनी मला विचारले, "चौघांनी एकच नंबर सांगायचा, असं दर वर्षी होतं?" मी सांगितले, नाही, कालच पहिल्यांदा. "मग कालच का?" मी म्हटले, "आजवर आमचं कोणी पळत नव्हतं." हवालदारांनी विचारले, हे असेच लिहू का. मॅडम म्हणाल्या, "असंच लिहा."

काल संध्याकाळी मुलीने भाऊंना केलेल्या फोनविषयी विचारल्यावरून सांगते की, तेव्हा मी मशीनचा पट्टा आणायला दुकानात गेले होते. भाऊंना कमी ऐकू येते, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्या गल्लीला ऐकू जातो. पोरगी म्हणाली, "बाबा, झाला का खेळ? माझं काय ठरलं?" भाऊ म्हणाले, "शेवटची. चौघांचं एकमत." ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, "चौघांचं? मग आज मला झोप लागणार." याखेरीज बोलणे झाले नाही. हे ऐकून हवालदारांच्या कपाळावर आठ्या पडल्या, हे मी पाहिले. कागदावर ते वाईट दिसते, मला कळते.

त्यानंतर मॅडमनी झेरॉक्सवाल्यांना आत बोलावले. पैशाचे काही ऐकले का, असे विचारले. ते म्हणाले, पैशाचे ऐकले नाही. मग जरा घुटमळून म्हणाले की, त्यांनी स्वतः आठ नंबरवर रीतसर पैसे लावले आहेत, गल्लीतली पोरगी आहे म्हणून. फळीमागून ते सगळे कानावर आल्यावर त्यांचे डोके फिरले. मी म्हटले, "अहो, मग फळीवर टकटक करून विचारायचं ना!" ते म्हणाले, "विचारणार होतो हो. पण तुम्ही सगळे एवढे हसत होता, मला वाटलं माझ्यावरच हसताय." रोज आमच्या चहाचा वास त्यांच्याकडे जातो आणि आम्ही त्यांना एकदाही हाक मारलेली नाही.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमचं मला पटतंय. पण तिकडचे लोक विचारतील, बापाच्या मनात काय होतं? ते मला त्यांच्याच तोंडून हवंय." मग भाऊंना बाकावरून आत आणले. माझ्या मागोमाग चौकीवर आलेले कंडक्टर आणि सिस्टर दारात येऊन उभे राहिले. मॅडमनी विचारले, "खेळ बाजूला ठेवा. तुम्हाला मनापासून काय वाटतं? मुलगी कितवी यावी?"

भाऊंनी आमच्याकडे पाहिले. कंडक्टर मानेने नको नको करत होते. अडचण हवालदारांच्या लक्षात येईना, म्हणून मी सांगितली ती अशी: भाऊ बोलले तर नाट लागणार आणि बोलले नाहीत तर पोरगी पळणारच नाही. भाऊ एकदा माझ्याकडे, एकदा कंडक्टरांकडे बघत राहिले. त्या वेळी मला भाऊंचा राग आला, हे लिहायला माझी हरकत नाही. मी ओरडले, "बोला हो एकदाचं! नाट लागलं तर माझ्या डोक्यावर!"

भाऊ म्हणाले, "पहिली."

मॅडमना ते नीट ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. भाऊ या वेळी असे बोलले की बाहेरच्या बाकावरची माणसे वळून बघू लागली. "पहिली यावी. काल मला तेच म्हणायचं होतं. ती पळते तेव्हा दर वेळी मला तेच म्हणायचं असतं. धड घरी आली तरी मला पुरे. पण पहिली यावी." मग त्यांनी खिशातल्या तेलकट फडक्याने तोंड पुसले आणि गालाला काळे लागले. सिस्टरनी ते आपल्या पदराने पुसले. झेरॉक्सवाले खिडकीबाहेर बघत होते.

मॅडमनी लगेच रेसकोर्सवर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडच्या अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितले की सट्टा नाही, पैसे नाहीत, तक्रारदाराचा गैरसमज दूर झाला आहे, जबाब पाठवत आहोत, मुलीला अडवण्यासारखे इथे काही नाही. तिकडून बराच वेळ आपसात बोलल्याचा आवाज आला. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, वजनाला पाठवतो. कंडक्टरांनी तोंडाने दोनदा घंटी वाजवली आणि हवालदारांनी त्यांना गप्प केले.

मुलगी तिथेच उभी असावी, कारण फोनवर तिचा आवाज आला. ती म्हणाली, "बाबा काय म्हणाले?" मग सिस्टर म्हणाल्या, "पहिली म्हणालाय तुझा बाप." पलीकडे मागे कोणीतरी घोड्याला हाकारत असल्याचे ऐकू येत होते. मग तिने विचारले, "असं तोंडाने म्हणाले?" भाऊ फोनवर वाकून म्हणाले, "हो गं. चुकलं का माझं?" ती म्हणाली, "नाही बाबा." पुढे म्हणाली, "आज टीव्हीवर नका बघू. इकडे या. मला दिसाल असे उभे राहा."

भाऊ उठले आणि दाराकडे चालू लागले. त्यांना रेसकोर्सचा रस्ता माहीत नाही, असे मी मॅडमना सांगितले. तेव्हा झेरॉक्सवाले म्हणाले, माझी गाडी बाहेर आहे, पाच जण मावतात.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी जे आणि जसे सांगितले तेच त्यात आहे. भाऊ गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले आहेत आणि आयुष्यात पहिल्यांदा हॉर्न वाजवत आहेत, म्हणून मी सही उभ्या उभ्याच केली आहे. ती वाकडी आली असली तरी माझीच आहे.