दिव्यावरची टिकली

(कुपवाडातलं चांदसाहेबांचं गॅरेज. जुन्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडं. मिलिटरीतून रिटायर झालेला ड्रायव्हर नाथाजी, त्याची बायको मनुबाई आणि जुना दोस्त चांदसाहेब.)

नाथाजी : ...आन् आमचा उस्ताद बर्फात उभा ऱ्हाऊन वरडायचा, ‘नाथाजी, बत्ती झूठ बोलती है, इंजन कभी नहीं!’ चाळीस वर्सं झाली, अजून त्यो आवाज डोक्यात हाय बघ.

चांदसाहेब : म्हणून दिव्यावर टिकली चिकटवलीस?

नाथाजी : कसली टिकली?

चांदसाहेब : ही. मरून रंगाची. आईलच्या लाल दिव्यावर.

मनुबाई : अगं बया! माझी हाय ती! आरशावरच्या टिकल्या कमी व्हायला लागल्या, मी उगंच सुनंवर संशय घेतला.

नाथाजी : उन्हानं सुटत्यात गं. मग दुसरी लावायची.

चांदसाहेब : लाल दिवा लागला की गाडी थांबवायची अस्ती, नाथा. त्याला सवाशीण करत न्हाईत.

नाथाजी : डोळ्यावर येत हुता रं. इंजिन कसं गोड चाललंय! दिव्याचीच वायर लूज असंल.

मनुबाई : गोड? भावजी, कराड सोडलं आन् टकटक, टकटक. म्हातारी खलबत्त्यात पान कुटतीया जनू. पेठ नाक्यापातूर तिनं अख्ख्या गावाला इडे खायला घातलं.

नाथाजी : रस्ता खराब हाय.

मनुबाई : टोलनाक्यावर गाडी उभी हुती! तवाबी रस्ताच वाजत हुता व्हय?

चांदसाहेब : थांबा, आईलची पट्टी काढतो. ...नाथा, हिला आईल पाजलंयस का नुसता वास दिलायस? पट्टी कोरडी ठाक.

नाथाजी : काय सांगतोस!

चांदसाहेब : अजून थोडं गेला असतास तर इंजिन जाम. हायवेच्या मधी तू, आन् मागनं उसाचा ट्रॅक्टर.

मनुबाई : आमचा शिवतेज त्येच म्हनतोय. ‘आबा, आता एकदा जरी गाडी वाटंत बंद पडली, तर किल्ली माझ्याकडं.’

नाथाजी : चांद, पोराला फोन करायचा न्हाई. किल्ली गेली की मी पारावरचा म्हातारा झालो. तुझ्या मयताला येष्टीनं यावं लागंल मला.

चांदसाहेब : ये की. पर वक्तशीर ये. आमच्यात लय वेळ थांबवत न्हाईत.

मनुबाई : गाडीचं बघा आदी! मयताचं काय काडलंय दोघांनी!

चांदसाहेब : आईल वतलं, चालूबी केली. आता ह्यो स्क्रू ड्रायव्हर घे. टोक इंजिनावर, मूठ कानाला. कुठं वाजतंय ते तूच सांग. तुझ्यासारखा कान अख्ख्या सांगलीत न्हाई.

नाथाजी : आन हिकडं.

चांदसाहेब : उजव्या कानाला? जलमभर डाव्यानं ऐकत आलास की!

नाथाजी : उजवा नुसता बसून पेन्शन खातोय. म्हटलं, त्यालाबी ड्युटी लावावी. ...आयला! चांद, टॅपेट वाजाय लागल्यात की! कवापासनं हे?

मनुबाई : दिवाळीपासनं.

नाथाजी : मग सांगायचं न्हाई व्हय?

मनुबाई : सांगून सांगून जीभ झिजली माझी! तुमी आपलं समोर बघून मान डोलवायचं.

चांदसाहेब : बंद करतो गाडी. हिचं दुखणं कळलं, आजच्या आज नीट हुतंय. आता तुझं सांग.

नाथाजी : माझं काय? मी फिट हाय.

चांदसाहेब : वैनी गाडीत कुठल्या बाजूला बसत्यात?

नाथाजी : डाव्या. मग काय टपावर बसवू?

मनुबाई : आवं... परवा मसूरच्या वळणावर मी तुमच्यावर नवी ओवी जोडली. गाडीत म्हणून दावली. तुमी म्हणालासा, ‘झ्याक हाय.’ काय हुतं सांगा तिच्यात?

नाथाजी : हुतं की. नदी... नदी हुती.

मनुबाई : नदी नव्हती.

नाथाजी : चांद, जरा च्या सांगून ये जा.

चांदसाहेब : च्या न्हाई आन् फिया न्हाई. बोल.

नाथाजी : तुझं व्हट हालत्यात, मने. शेवटाला तू माझ्याकडं बघून हासतीस, तवा म्हणतो झ्याक. दिवाळीपासनं डाव्या कानात तुझं एक अक्षर आलं न्हाई. किल्ली दे शिवतेजला. पर ती ओवी... हिकडं, ह्या अंगाला येऊन म्हण.