दहा घरभेटी

तुम्हाला सांगते, माझा नवरा संदेश देवाची सेवाही उद्यावर ढकलतो. लग्नानंतर पनवेलच्या आमच्या चर्चने आम्हाला काम दिलं: महिन्याला दहा घरी जाऊन प्रार्थना करायची आणि पाळकांना अहवाल द्यायचा. अहवालाच्या आदल्या दिवशी दहाही घरं बाकी.

सकाळीच स्कूटर काढली. प्रत्येक घरी पाच मिनिटं प्रार्थना, वीस मिनिटं चहा. कळंबोलीतल्या सातव्या घरी मावशी म्हणाल्या, "या, पाळकसाहेबही आत्ताच आलेत."

संदेशचा चेहरा उतरला. पाळक घाईघाईने बशीत चहा ओतत होते.

"किती राहिली रे?"

"हे धरून चार."

मी विचारलं, "साहेब, तुमची?"

"बारा," ते हळूच म्हणाले. "मलाही वर अहवाल द्यायचाय."