मामानं मारलेली बुरशी

माझ्या मामाला कुणी नावं ठेवायची नाहीत, एवढं कबूल करा, मग सांगतो.

डाळजला आमची डाळिंबाची झाडं उभी वाळायला लागली, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रायकोडर्माची पुडी आणली. गुळाच्या पाण्यातून शेणखतात कालवली आणि ढिगावर ओलं पोतं टाकलं. आईला म्हणाले, "रोज पाणी शिंपड. हिरवी बुरशी आली की समज औषध तयार झालं. मुळ्या खाणाऱ्या बुरशीला ही बुरशी खाती."

त्याच आठवड्यात आबा गेले. छातीत कळ आली आणि संपलं सगळं.

आई रडलीच नाही. माणसं भेटायला यायची, ती सुन्न बसून राहायची. फक्त सांजच्याला उठायची आणि त्या पोत्यावर तांब्याभर पाणी शिंपडून यायची.

दहाव्याला मामा आला, आईचा धाकटा भाऊ. माणूस कामाचा, त्याला रिकामं बसवेना. मळ्यात गेला आणि आला तो निळे हात घेऊन.

"अक्का, दाजींचं खत पार बुरसलं हुतं. मोरचूद-चुना कालवून वतला. बुरशी सगळी मारली बघ."

"सगळी?" आईनं विचारलं.

"एक ठिपका ठिवला न्हाय."

"बरं केलंस. हात धू, जेवाय बस," आई म्हणाली, आणि तिथंच भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागली.

मी उठलो, तर मामानं मला धरलं. हळूच म्हणाला, "रडू दे तिला. दाजी गेल्यालं आत्ता कुठं पटलंय."