डावी बारीक, उजवी ऐसपैस

अहवालाचं पाकीट जेमतेम दोन बोटं उघडं होतं आणि शिलाईकाम करणारी बाई तेवढ्याच फटीतून आत बघत होती. दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी नळजोडणीवाला बसला होता. समोरच्या बाकावरच्या शिक्षिकेने पुस्तक उघडं धरलं होतं, पण पान काही उलटलं नव्हतं.

“डॉक्टर काय म्हणाले, सांगा ना,” तो म्हणाला.

“मेंदूवरच्या आवरणात रक्त परत नेणाऱ्या दोन मोठ्या वाटा असतात. माझी डावी जन्मापासून बारीक आहे.”

“आणि उजवी?”

“ऐसपैस. दोघींचं काम एकटीच करते.”

“कुठे तुंबत नाही ना?”

“नाही. बऱ्याच जणांची अशी असते म्हणे. आजार नाही, नुसती ठेवण.”

“मग डोकं कशाने दुखतं?”

“चष्म्याचा नंबर वाढलाय.”

“म्हणजे तीन वर्षं मी लग्नाचं विचारतोय, तुम्ही ‘डोकं तपासून सांगते’ म्हणताय, आणि अडलं होतं चष्म्यावर.”

“टोमणे नकोत. काही भलतंच निघालं असतं तर तुमच्या गळ्यात पडायचं नव्हतं मला.”

“पडायला मी कधी नको म्हटलं?”

“अहो, हळू. लोक ऐकताहेत.”

शिक्षिकेने घाईने पान उलटलं.

“एक बाही अरुंद निघाली, तर मी उसवून सारखी करते. या डावीचं काय करू?”

“उसवू नका. अंगावर नीट बसलंय ना?”

“चाळीस वर्षं बसलंय.”

“मग?”

“आधी चष्मा करू. तुम्हाला एकदा नीट बघून घेते. मग लग्न करू.”